जिभेला मुंग्या आणणारी गोडी

तीन वर्षांपूर्वीं माझ्या मामंजींच्या पंचाहत्तरीला आमच्या घरीं एक केक झाला. त्याचा एकेक तुकडा खाऊन झाल्यावर टेबलाभोंवतीं बसलेलीं नऊ माणसें पांच मिनिटें नुसतीं एकमेकांकडे पाहत राहिलीं. केक बिघडला होता असें नव्हे. तो चांगला फुगला होता, रंगानें खरपूस होता, आणि त्याला संत्र्याचा वासहि छान येत होता. पण प्रत्येकाच्या ओठांना आणि जिभेच्या शेंड्याला झिणझिण्या आल्या होत्या, आणि आपल्याला कांहीं झालें आहे कीं काय, हें आधीं दुसऱ्यानें बोलावें म्हणून जो तो वाट पाहत होता. शेवटीं मामंजीच म्हणाले, "सूनबाई, दांत काढण्यापूर्वीं वैद्य सुई टोंचतो ना, तसें वाटतें आहे. घातलें आहेस तरी काय ह्यांत?" सासूबाई मात्र कांहींच बोलल्या नाहींत. त्यांनीं बशी पुढें केली आणि दुसरा तुकडा मागितला. त्याचें कारण मला पुढें कळलें, तें मी शेवटीं सांगेन.

मीं घातलें काय होतें, तें आधीं सांगतें. माझा भाचा नोकरीच्या कामानें चीनमधील चेंगडू शहरीं गेला होता. सिचुआन प्रांताचें हें मुख्य शहर. परत येतांना त्यानें तेथल्या मसाल्याची एक लहानशी पुडी आणली. ती उघडतांच संत्र्याची साल आणि नुकतेंच तासलेलें देवदाराचें लांकूड एकत्र ठेवावें, तसा कांहींसा वास घरभर पसरला. मी त्या वासावर भाळलें, आणि संत्र्याच्या केकांत हा मसाला शोभेल असें माझ्या मनानें घेतलें. तेथवर मी चुकलें नव्हतें. चुकलें तें पुढें. पुडींतील दाणे न निवडतां, न भाजतां तसेच दळले. तीन चमचे पूड पिठांत घातली. आणि उरली ती केकावरच्या लोणी-साखरेच्या थरांत मिसळून टाकली. ह्यांतील प्रत्येक गोष्ट चूक होती, आणि ती कां चूक होती हें समजून घेण्यांत माझें पुढलें वर्ष गेलें. आजच्या माझ्या बोलण्याचा विषय हाच आहे: सिचुआनचें मिरें आणि गोड पदार्थ.

सिचुआन हें नांव आपल्याला अपरिचित नाहीं. शहरांतल्या खाण्याच्या गाड्यांवर 'शेजवान' म्हणून जी लालभडक चटणी मिळते, तिनें हें नांव घरोघर पोंचविलें आहे. पण त्या चटणींत असतात लाल मिरच्या आणि लसूण. ज्या मसाल्यावरून सिचुआनची चव जगांत ओळखली जाते, तो तिच्यांत बहुधा नसतोच. कोंकणी म्हणून वाढलेल्या आमटींत नारळच नसावा, तशांतला हा प्रकार.

'मिरें' हा शब्दहि येथें सोयीपुरताच. आपलें काळें मिरें वेलीला येतें. सिचुआनचें मिरें हें एका कांटेरी झुडुपाचें फळ आहे, आणि तें झुडूप लिंबू, संत्रें, बेल यांच्या कुळांतलें आहे. मिरचीशींहि त्याचें कांहीं नातें नाहीं. चिनी लोक त्याला 'ह्वाज्याव' म्हणतात. त्यांतील 'ह्वा' म्हणजे फूल, आणि वाळून उकललेलें फळ हातांत घेतलें, कीं हें नांव शोभतेंहि. तांबूस, खरखरीत, दोन पाकळ्यांत उघडलेली साल, आणि आंत काळाभोर चकचकीत दाणा. पाहणाऱ्याला वाटतें, दाणा हाच मसाला असेल. खरा प्रकार उलटा आहे. सारा गुण सालींत असतो. दाणा दांतांखालीं वाळूसारखा कचकचतो आणि त्याला चव म्हणावी तशी नसतेच. माझी पहिली चूक झाली ती हीच. लाल आणि हिरवीं अशीं ह्या मिऱ्याचीं दोन मुख्य रूपें बाजारांत येतात. लाल मिऱ्याचा वास मऊ, फुलासारखा. हिरव्याचा उग्र, कच्च्या लिंबाच्या सालीसारखा, आणि त्याच्या मुंग्याहि अधिक तिखट. गोड पदार्थांना मी लालच घेतें.

हें सारें ऐकून कोंकणांतल्या नि गोव्यातल्या श्रोत्यांना एका ओळखीच्या फळाची आठवण झाली असेल, आणि ती रास्त आहे. आपलें तिरफळ हें ह्या मिऱ्याचें सख्खें भावंड. एकाच वंशांतल्या ह्या दोन जाति. बांगड्याच्या आमटींत ठेंचून टाकलेलीं तिरफळें ज्यांनीं खाल्लीं आहेत, त्यांना जिभेच्या झिणझिण्या नव्यानें समजावून सांगायला नकोत. दाणा काढून साल वापरावी, ही रीतहि तिकडे तीच आणि इकडेहि तीच. नेपाळांत 'तिमूर' म्हणून जें मिरें चटण्यांत घालतात, आणि आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांत 'तुंबरु' म्हणून ज्याचा उल्लेख येतो, तेंहि ह्याच गोतावळ्यांतलें. मात्र तिरफळ म्हणजे हिरडा-बेहडा-आंवळ्याची त्रिफळा नव्हे, एवढें घाटावरच्या श्रोत्यांना सांगून ठेवतें. कारण आमच्या शेजारीं एका सुगृहिणीनें एकदां आमटीसाठीं काष्ठौषधीच्या दुकानांतून त्रिफळा चूर्ण आणविलें होतें, आणि ती आमटी कोणाच्याहि स्मरणांतून अद्याप गेलेली नाहीं.

चीनमध्यें ह्या मिऱ्याचा मान फार जुना आहे. हान घराण्याच्या काळांत सम्राज्ञीच्या महालाच्या भिंतींना लिंपतांना चिखलांत हीं मिरीं कालवीत, आणि त्या महालाला 'मिऱ्यांचा महाल' असें म्हणत. एक तर भिंतींना सुगंध येई. दुसरें म्हणजे ह्या झाडाला घोंसच्या घोंस फळें लागतात, तेव्हां राजघराण्याचा वंशविस्तारहि तसाच व्हावा, अशी त्यांत इच्छा असे. १९७२ सालीं चांगशा शहराजवळ मावांगद्वी येथें ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील एका सरदारपत्नीची समाधि उकरली गेली. दोन हजार वर्षांनंतरहि त्या बाईचा देह न कुजतां राहिला होता, आणि तिच्याबरोबर ठेवलेल्या सुगंधी द्रव्यांत हीं मिरीं सांपडलीं. म्हणजे स्वयंपाकघरांत स्थिरावण्यापूर्वीं आणि स्थिरावल्यानंतरहि हें मिरें सुवासाची वस्तु म्हणून नांदत होतें. मिरची त्या देशांत आली ती अमेरिकेकडून, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. तोंवर चिनी जेवणाला चरचरीतपणा देणारें मुख्य द्रव्य हेंच. पुढें सिचुआनच्या लोकांनीं दोघांची जोडी जमविली. मिरचीच्या जाळाला ते 'ला' म्हणतात आणि मिऱ्याच्या झिणझिणीला 'मा'. ह्या दोहोंची मिळून 'माला' ही त्यांची प्रसिद्ध चव झाली.

आतां ही झिणझिण म्हणजे काय, हा प्रश्न मोठा मौजेचा आहे. गोड, आंबट, खारट, कडू ह्या चवी जिभेवरील रसांकुरांना कळतात. सुवास नाकाला कळतो. पण ह्या मिऱ्याची मुंगी चवहि नव्हे आणि वासहि नव्हे; तो स्पर्श आहे. मिऱ्याच्या सालींत सान्शूल नांवाचें एक द्रव्य असतें. 'सान्शो' हें ह्याच वंशांतल्या जपानी मिऱ्याचें नांव. त्यावरून तें पडलें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं असें दाखविलें, कीं स्पर्शाची वार्ता नेणाऱ्या मज्जातंतूंतून पोटॅशियमचे कण ज्या सूक्ष्म दारांनीं बाहेर पडतात, त्यांतलीं कांहीं दारें हें द्रव्य बंद करतें. दारें बंद झालीं म्हणजे तंतु विनाकारण जागा होतो आणि कोणी शिवलें नसतांना 'शिवलें, शिवलें' असें मेंदूला कळवूं लागतो. पुढें २०१३ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत आणखी एक प्रयोग झाला. कांहीं माणसांच्या खालच्या ओठाला हें मिरें लावलें, आणि बोटाला एका यंत्राचा कंप दिला. यंत्राचा कंप कमीजास्त करीत ओठाची झिणझिण त्याच्याशीं केव्हां जुळते, हें त्या माणसांनीं सांगावयाचें. ती जुळली सेकंदाला सुमारें ५० कंपांशीं. म्हणजे आपण कांहीं खात नसून ओठाशीं एखादी मंद वाजणारी तार धरली आहे, असा मेंदूचा समज होतो. मामंजींना वैद्याची सुई आठवली, ती कांहीं उगाच नव्हे.

हा मसाला गोड पदार्थांत घालावा, ही कल्पना ऐकणाऱ्याला नव्या लोकांची खोडी वाटते. मलाहि तसेंच वाटत होतें. पण ज्या देशाचें हें मिरें, त्या देशाला ही गोडी जुनीच ओळखीची आहे. भाजलेलें मीठ आणि भाजून कुटलेलें हें मिरें यांच्या मिश्रणाला तिकडे 'ज्यावयन' म्हणतात. आपण तळलेल्या पदार्थांवर जिरेंमीठ भुरभुरतों, तसें तें तळणावर भुरभुरतातच. पण गोड पुरणांतहि तें घालतात. पेकिंग म्हणजे आजच्या बीजिंग शहरांत एक लांबट, चपटी, पदर सुटलेली खुसखुशीत पोळी मिळते. तिच्या आकारावरून तिला बैलाची जीभ असेंच नांव पडलें आहे. तिच्या पोटांत साखर, पीठ, तीळ आणि हें ज्यावयन असतें. पहिला घांस गोड लागतो, मग मागून मीठ येतें, आणि गिळून झाल्यावर ओठांवर ती बारीक झिणझिण उरते. सिचुआनांत तिळानें मढविलेल्या वाटोळ्या भाजक्या टिकल्यांतहि हेंच मिश्रण भरतात. आपण पुरणांत चिमूटभर मीठ घालतों आणि वर जायफळ किसतों, त्याच विचाराचें हें दुसरें रूप म्हणावयाचें.

जपानांत तर ह्या गोडाला सणाचा मान आहे. तेथें तांदळाच्या पिठींत साखर आणि सान्शोची पूड घालून ती उकडतात, कुटून मऊ करतात आणि तिच्या बोटाएवढ्या पातळ कांड्या कापतात. ह्या मिठाईचें नांव 'किरिझान्शो', म्हणजे कापलेला सान्शो. कांड्या पांढऱ्या, गुलाबी अशा निरनिराळ्या रंगांच्या असतात. तोक्यो शहराच्या आसाकुसा भागांत नोव्हेंबर महिन्यांत कोंबड्याच्या दिवशीं जी जत्रा भरते, तिच्यांत लोक ती शुभ म्हणून विकत घेतात, आणि उत्तरेकडील त्सुरुओका गांवीं वर्षाच्या अखेरीस ती घरोघर आणतात. सान्शोचा वास सिचुआनच्या मिऱ्यापेक्षां अधिक लिंबासारखा आणि हलका; पण झिणझिण त्याच जातीची.

मग पाश्चात्त्य भट्ट्यांतून हें मिरें इतक्या उशिरां कां दिसूं लागलें? अमेरिकेपुरतें ह्याचें एक कारण आहे, आणि तें स्वयंपाकाचें नसून शेतीचें आहे. लिंबू-संत्र्याच्या झाडांवर कॅंकर नांवाचा एक जंतुरोग पडतो. हें मिरें त्याच कुळांतलें असल्यामुळें त्याच्याबरोबर रोगहि देशांत येईल, ह्या भीतीनें अमेरिकेनें १९६८ सालीं त्याच्या आयातीस बंदी केली. ती २००५ सालीं उठली, तीहि मिरीं तापवून आणावीं ह्या अटीवर. बंदी उठल्यानंतर तेथील आचाऱ्यांच्या हातीं हा मसाला मोकळेपणीं आला, आणि चॉकोलेट, आइसक्रीम, बिस्किटें यांत त्याचे प्रयोग होऊं लागले. संत्र्याच्या कुळांतलें म्हणून एका काळीं त्याला दाराबाहेर ठेवलें. त्याच नात्यामुळें तें संत्र्याच्या केकांत असें घरच्यासारखें नांदतें.

ह्या नात्याचा अर्थ स्वयंपाकघरांत फार उपयोगी पडतो. मिऱ्याच्या सुवासांत जीं द्रव्यें आहेत, त्यांत लिमोनीन आणि लिनालूल हीं दोन प्रमुख. पहिलें संत्र्याच्या सालींत विपुल असतें, दुसरें धन्यांत. म्हणून संत्रें, मोसंबें, लिंबू, अननस, आलुबुखार, स्ट्रॉबेरी अशा आंबटगोड फळांशीं ह्याचें चटकन् जुळतें. काळ्या चॉकोलेटशींहि जुळतें. वेलदोड्याशीं मात्र माझें जमविणें झालें नाहीं. दोन्ही वास उंच सुरांतले. एकानें दुसऱ्याला बोलूं दिलें नाहीं.

आतां माझ्या चुकांचा हिशेब. त्यांतूनच चार नियम निघाले.

पहिला नियम, निवडणें. पांढऱ्या कागदावर मिरीं पसरावीं आणि काळे दाणे, देंठ, कांटे काढून टाकावे. हें काम कंटाळवाणें आहे. पण एक दाणा राहिला, तरी मऊ केकांत तो खडा होऊन दांताखालीं येतो.

दुसरा नियम, भाजणें आणि चाळणें. निवडलेल्या साली कोरड्या तव्यावर अगदीं मंद आंचेवर दोन-तीन मिनिटें परताव्या. वास उठला कीं लगेच उतरावें; धूर दिसला तर समजावें कीं मसाला गेला. निवाल्यावर खलांत कुटावें आणि बारीक चाळणींतून किंवा मलमलींतून गाळावें. चाळणींत पांढुरका भुसा उरतो, तो टाकून द्यावा. पूड लागेल तेवढीच करावी. कुटलेल्या पुडीचा वास थोड्याच दिवसांत उडतो आणि मुंगीहि मंदावते. अख्ख्या साली घट्ट झांकणाच्या बरणींत, उजेडापासून दूर ठेवाव्या.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: मुंगी स्निग्धांत उतरते, पाण्यांत फारशी उतरत नाहीं. सान्शूल हें तुपा-तेलांत विरघळणारें द्रव्य आहे. म्हणून लोणी, साय, चॉकोलेट यांत मिऱ्याची झिणझिण पुरेपूर येते, आणि साखरेच्या पाकांत मिरीं उकळलीं तर सुवास येतो, पण मुंगी नांवालाच. हें एकदां कळलें कीं पाहिजे तें आपल्या हातीं येतें. ज्यांना नुसता वास हवा, त्यांनीं पाक करावा. ज्यांना झिणझिणहि हवी, त्यांनीं सायीकडे जावें.

चौथा नियम, आंच. भट्टींतल्या दीर्घ उष्णतेनें सुवास उडतो आणि सान्शूलहि बरेंच नष्ट होतें. म्हणजे केकाच्या पोटांतली माझी तीन चमचे पूड फारशी अपराधी नव्हती. खरा अपराधी वरचा लोण्याचा थर. लोणी स्निग्ध, त्याला आंच लागलेली नाहीं, आणि पूड ताजी! नऊ माणसांचीं तोंडें त्यानेंच बंद केलीं.

हे नियम सांभाळून आमच्या घरीं जे पदार्थ आतां नेहमींचे झाले आहेत, त्यांतले तीन सांगतें.

पहिलीं लोण्याचीं बिस्किटें. मैदा ३०० ग्रॅम, लोणी २०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, एका संत्र्याच्या सालीचा वरवरचा कीस आणि चहाचा एक सपाट चमचा मिऱ्याची पूड. साल किसतांना आंतला पांढरा भाग घेऊं नये, तो कडू असतो. लोणी-साखर फेंटावी, कीस आणि पूड लोण्यांतच मिसळावी, मग मैदा नि मीठ घालून हलक्या हातानें गोळा करावा, मळूं नये. गोळा अर्धा तास थंड ठेवून लाटावा, कापावा, आणि १६० अंश सेल्सिअसच्या भट्टींत वीस ते पंचवीस मिनिटें, कडा सोनेरी होईपर्यंत भाजावा. हीं बिस्किटें दुसऱ्या दिवशीं अधिक चांगलीं लागतात.

दुसरें चॉकोलेट. पाव लिटर साय किंवा क्रीम घ्यावें, त्यांत ठेंचलेल्या साली एक चमचा घालून वाफ येईपर्यंत तापवावें, उकळूं नये. झांकून वीस मिनिटें ठेवावें आणि गाळावें. मग पुन्हां तापवून पाव किलो काळ्या चॉकोलेटच्या तुकड्यांवर ओतावें, आणि तुकडे विरघळले कीं ढवळून गुळगुळीत करावें. हें केकावर पसरतां येतें किंवा गार करून त्याचे लाडू वळतां येतात. चॉकोलेट तोंडांत हळूहळू वितळतें, आणि झिणझिण त्याच्या पाठोपाठ, अगदीं शेवटीं येते. हा विलंबच त्यांतला आनंद.

तिसरीं पाकांतलीं संत्रीं. २०० ग्रॅम साखर आणि तेवढेंच पाणी उकळून त्यांत चमचाभर अख्ख्या साली टाकाव्या, उतरून गार होऊं द्यावें, आणि गाळलेला पाक सोललेल्या संत्र्याच्या चकत्यांवर ओतून रात्रभर थंड ठेवावा. ह्यांत मुंगी जवळजवळ नाहीं. ज्यांना भीति वाटते, त्यांनीं येथून सुरुवात करावी.

आपल्या गोडांत हें चालेल का, असें मला विचारतात. तिसरा नि चौथा नियम आठवावा, म्हणजे उत्तर आपोआप मिळतें. श्रीखंडाला आंच नाहीं, तें स्निग्ध आहे आणि आंबटगोडहि आहे. अर्धा किलो श्रीखंडाला पाव चमचा पूड आणि संत्र्याचा कीस, वेलदोडा वगळून, मीं घालून पाहिला. ताटांत उरला नाहीं. उलट शिऱ्यांत घातला तो वाफेबरोबर निघून गेला. सिचुआनच्या मिऱ्याऐवजीं तिरफळ घालण्याचाहि प्रयत्न केला. तिरफळाचा वास अधिक राळेसारखा, रानटी. बिस्किटें खातांना माझ्या माहेरच्या मंडळींना बांगडा आठवूं लागला. तिरफळानें आपल्या आमटींतच राहावें, असें आमच्या घरीं बहुमतानें ठरलें.

आतां सासूबाईंविषयीं. २०२१ सालच्या सांथींत त्यांना ताप आला. त्या बऱ्या झाल्या, पण त्यांचा वास गेला तो गेलाच. माजघरांत बसून, पुरणांत जायफळ पडलें कीं नाहीं हें सांगणाऱ्या त्या. तूप कढतांना केव्हां उतरावें हें घड्याळाकडे न पाहतां ओळखणाऱ्या. वास गेल्यावर अन्नाचें काय होतें, हें ज्याच्यावर प्रसंग आला त्यालाच कळेल. गोड गोड लागतें, खारट खारट लागतें. पण केशर, तूप, भाजलेली कणीक, आंबा हें सारें पुसून जातें. सासूबाई वेळेवर पानावर बसत, वाढलेलें संपवीत, आणि "छान झालें आहे" असें म्हणत. त्या आमच्यासाठीं तसें म्हणत आहेत, हें आम्हां सर्वांना ठाऊक होतें आणि कोणीच बोलत नसे. मी नवे नवे केक करीत असें तें त्यामुळेंच. कशानें तरी त्यांना कांहीं लागेल, ही आशा.

पंचाहत्तरीच्या दिवशीं आम्हीं आठजण घाबरून बसलों होतों, तेव्हां त्यांच्या तोंडांत किती तरी महिन्यांनीं पहिल्यानेंच कांहीं घडलें होतें. पाहुणे गेल्यावर त्या स्वयंपाकघरांत आल्या आणि म्हणाल्या, "अग, आज खाल्ल्यासारखें वाटलें." मीं तेव्हां त्याचा अर्थ लावला नाहीं. पुढें हे सारे प्रयोग वाचतांना उलगडा झाला. सुवास नेणारा मज्जातंतु वेगळा आणि ओठा-जिभेचा स्पर्श नेणारा वेगळा. एक वाट बंद झाली होती. दुसरी उघडीच होती, आणि त्या वाटेनें त्यांच्याकडे कोणी काय पाठवावें, हें आम्हांला सुचलें नव्हतें. तें एका चुकलेल्या केकानें पाठविलें.

हें औषध नव्हे, एवढें स्पष्ट सांगितलें पाहिजे. सासूबाईंचा वास परत आलेला नाहीं. कोणा रुग्णाच्या घरीं ह्या बोलण्यावरून खोटी आशा निर्माण होऊं नये. पण त्यांच्या डब्यांत आतां हीं बिस्किटें कायम असतात. दुपारीं चहाबरोबर त्या दोन घेतात, ओठ मिटून क्षणभर थांबतात, आणि आज पूड कमी पडली कीं जास्त, हें मला सांगतात. आमच्या घरांत पुन्हां कोणी तरी माझ्या स्वयंपाकांत चुका काढूं लागलें आहे, आणि त्या बहुतेक वेळां खऱ्या असतात.

ज्यांना हा मसाला मिळेल, त्यांनीं जरूर करून पाहावें. पहिल्या खेपेला मी सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मीच पूड घ्यावी, लहान मुलांना देऊं नये, आणि पाहुण्यांना मात्र पहिला घांस घेण्यापूर्वींच सांगून ठेवावें.